बर्म्युडासारख्या चिमुकल्या बेटाला विश्वचषकात जागा असावी का?

सागरवेळ

क्रिकेटवर येथे पुष्कळ चर्चा होते, पण ती बहुतेक वेळा आठ-दहा मोठ्या संघांभोवतीच फिरते. आज एका अगदी छोट्या संघाचा विषय मांडतो आहे.

१९ मार्च २००७ रोजी पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर भारत आणि बर्म्युडा यांच्यात झालेला विश्वचषकाचा सामना बहुतेकांना एका झेलामुळे आठवत असेल. मलाकाय जोन्स हा सतरा वर्षांचा मुलगा विश्वचषकातला आपला पहिलाच चेंडू टाकत होता. रॉबिन उथप्पाच्या बॅटची कड घेऊन तो चेंडू स्लिपकडे गेला आणि सुमारे सव्वाशे किलो वजनाच्या ड्वेन लेव्हरॉकने उजवीकडे झेपावून तो एका हाताने टिपला. जोन्सला रडू आवरेना. त्यानंतर सेहवागने ११४, गांगुलीने ८९, युवराजने ८३ आणि सचिनने नाबाद ५७ धावा केल्या, भारताने ५ बाद ४१३ असा विश्वचषकातला तोवरचा सर्वोच्च धावांचा डोंगर रचला आणि सामना २५७ धावांनी जिंकला. एकदिवसीय क्रिकेटमध्ये तोपर्यंत इतक्या धावांच्या फरकाने कोणीही जिंकले नव्हते.

बर्म्युडाचे क्षेत्रफळ सुमारे ५४ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या चौसष्ट हजारांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढ्या वस्तीने अकरा खेळाडू उभे करून भारत, श्रीलंका आणि बांगलादेश यांच्यासमोर पाठवले होते. त्यांनी तिन्ही सामने गमावले, दोन वर्षांनी त्यांचा एकदिवसीय दर्जाही (म्हणजे अधिकृत एकदिवसीय सामने खेळण्याचा हक्क) गेला आणि तेव्हापासून हा संघ विश्वचषकात दिसलेला नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. त्या एका विश्वचषकाने बर्म्युडाच्या क्रिकेटचे भले झाले की नुकसान? आणि अशा बेटांना जागतिक स्पर्धेत स्थान देणे हे आंतरराष्ट्रीय क्रिकेटचे कर्तव्य आहे, असे तुम्हाला वाटते का?

कोकणकडा

धागा आवडला. त्या आठवड्यातला एक भाग मात्र लोक विसरतात. १७ मार्चला बांगलादेशाने आणि २३ मार्चला श्रीलंकेने भारताला हरवल्यावर आपल्या सगळ्या आशा बर्म्युडावर येऊन ठेपल्या होत्या. २५ मार्चला बर्म्युडाने बांगलादेशाला हरवले असते, तर भारत, बांगलादेश आणि बर्म्युडा यांचा प्रत्येकी एक विजय झाला असता आणि २५७ धावांच्या त्या विजयामुळे निव्वळ धावगतीवर (धावा करण्याच्या आणि देण्याच्या वेगातल्या फरकावर) आपण पुढे गेलो असतो. पावसाने तो सामना एकवीस षटकांचा झाला, बर्म्युडाने ९ बाद ९४ धावा केल्या आणि बांगलादेशाने सात गडी राखून विजय मिळवला. सहा दिवसांपूर्वी ज्यांच्याविरुद्ध आपण ४१३ धावा केल्या, त्यांच्या यशासाठी त्या दिवशी करोडो माणसे देवाला साकडे घालत होती.

मोहोर

भावनेचा भाग मान्य आहे, पण पहिल्या प्रश्नाला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे. श्रीलंकेविरुद्ध बर्म्युडाचा डाव ७८ धावांत आटोपला आणि पराभव २४३ धावांचा होता. भारताविरुद्ध २५७ धावांचा. पावसाने छोटा केलेला तिसरा सामनाही हातचा गेला. प्रेक्षक तिकीट काढून येतो तो स्पर्धा पाहण्यासाठी, आणि जिथे निकाल नाणेफेकीआधीच ठाऊक असतो तिथे स्पर्धा उरत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा शहाणपणा खेळालाही लागू आहे. बर्म्युडाने आपल्या पातळीवरच्या संघांशी खेळावे, जिंकत जिंकत वर यावे आणि मगच विश्वचषकात यावे. कर्तव्य म्हणून कोणाला जागा देणे हे त्या संघालाही कमीपणा आणणारे आहे.

तिसरा_पंच

मोहोर, एक तपशील नोंदवतो. बर्म्युडाला ती जागा कोणी कर्तव्य म्हणून दिली नव्हती. २००५ साली आयर्लंडमध्ये झालेल्या आयसीसी ट्रॉफीत, म्हणजे कसोटी न खेळणाऱ्या संघांच्या विश्वचषक पात्रता स्पर्धेत, ते चौथे आले आणि पहिल्या पाच संघांना विश्वचषकाचे दार उघडे होते. स्कॉटलंड, आयर्लंड, कॅनडा, बर्म्युडा आणि नेदरलँड्स हे ते पाच संघ. तुम्ही म्हणता तसे जिंकत जिंकतच ते तेथे पोहोचले होते. त्याआधी १९८२ च्या आयसीसी ट्रॉफीतही बर्म्युडाने अंतिम फेरी गाठली होती आणि तेथे झिंबाब्वेने त्यांना हरवले. झिंबाब्वे दहा वर्षांत कसोटी खेळू लागले, बर्म्युडा होते तेथेच राहिले. माझ्या मते खरा अभ्यास या फरकाचा व्हायला हवा.

शर्वरी

एक प्राथमिक शंका आहे. बर्म्युडा वेस्ट इंडीजच्या संघात का नाही? बार्बाडोस, अँटिग्वा ही बेटेही छोटीच आहेत, पण तेथील मुलांना वेस्ट इंडीजकडून खेळता येते.

अटलांटिकपार

शर्वरीताई, मी गेली काही वर्षे विमा क्षेत्रातल्या नोकरीमुळे बर्म्युडाच्या राजधानीत, हॅमिल्टनमध्ये राहतो, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

नकाशात पाहिले तर बर्म्युडा कॅरिबियन समुद्रात नाहीच. ते उत्तर अटलांटिकमध्ये, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटरवर एकटे पडलेले आहे आणि कॅरिबियन बेटे तेथून बरीच दक्षिणेला आहेत. क्रिकेटमध्येही ते वेस्ट इंडीजचा भाग नाही. १९६६ पासून ते आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनेचे (आयसीसीचे) स्वतंत्र सहयोगी सदस्य, म्हणजे कसोटी दर्जा नसलेले सदस्य आहे. स्वतःचा ध्वज घेऊन मैदानात उतरण्याचा मान त्यामुळे मिळतो, पण बार्बाडोसच्या एखाद्या गुणी मुलासमोर वेस्ट इंडीजच्या संघाची जी शिडी उभी असते, ती येथल्या मुलासमोर नसते.

आता मूळ विषयाकडे येतो. बर्म्युडाचे क्रिकेट समजून घ्यायचे असेल, तर राष्ट्रीय संघाआधी कप मॅच समजून घ्यावी लागते. बेटाच्या पश्चिम टोकाचा सॉमरसेट क्लब आणि पूर्व टोकाचा सेंट जॉर्जेस क्लब यांच्यात १९०२ पासून दरवर्षी हा दोन दिवसांचा सामना होतो. तो जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या आरंभी, गुरुवारी आणि शुक्रवारी खेळला जातो आणि दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी असते. १ ऑगस्ट १८३४ रोजी येथील गुलामगिरी संपली, त्या मुक्तीच्या स्मरणाशी हा सामना जोडलेला आहे. पहिला दिवस मुक्तिदिन म्हणून पाळला जातो आणि दुसरा दिवस मेरी प्रिन्सच्या नावाने. या बर्म्युडात जन्मलेल्या स्त्रीने गुलामगिरीतल्या आपल्या आयुष्याची कहाणी १८३१ साली जगासमोर ठेवली होती. त्यामुळे हा सामना येथील कृष्णवर्णीय समाजाच्या दृष्टीने केवळ खेळ नाही.

त्या दोन दिवसांत मैदान आपल्याकडच्या ग्रामदैवताच्या जत्रेसारखे फुललेले असते. घराघरांचे तंबू पडतात, परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुले सुट्टी काढून परततात, एका बाजूला क्राउन अँड अँकर या फाशांच्या खेळाची टेबले लागतात आणि सॉमरसेटचा गडद निळा-लाल किंवा सेंट जॉर्जेसचा फिका आणि गडद निळा असे रंग अंगावर मिरवले जातात. मी येथे नवा आलो तेव्हा सहकाऱ्यांनी कामाच्या आधी मला विचारले ते, तुम्ही कोणत्या बाजूचे, हे. येथल्या दहा वर्षांच्या मुलाचे स्वप्न कप मॅच खेळण्याचे असते. राष्ट्रीय संघाचे स्वप्न असलेच, तर ते त्यानंतर येते.

आणि माझ्या मते बर्म्युडाचे बळ आणि मर्यादा दोन्ही यातच आहेत. कप मॅचमुळे या बेटावर क्रिकेट कधीच मरणार नाही. पण ज्या खेळाचे सर्वोच्च शिखर आपल्याच बेटावर, दोन दिवसांत, ओळखीच्या गोलंदाजांसमोर उभे असते, तेथल्या खेळाडूला बारा महिने परक्या खेळपट्ट्यांवर झगडण्याची सवय कशी लागणार?

निरंजन_वाई

अटलांटिकपार, फार सुंदर माहिती. सामना दोन दिवसांचा म्हणजे प्रत्येक संघ दोन डाव खेळतो का? आणि अनिर्णित राहिला तर चषक कोणाकडे जातो?

अटलांटिकपार

होय, दोन डाव. अनिर्णित राहिला तर चषक आधीच्या विजेत्याकडेच राहतो. त्यामुळे चषक हाती असलेला संघ पुष्कळदा बचावाचा पवित्रा घेतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यावर तंबूंतून जोरदार वाद झडतात.

पंचक्रोशी

येथे मला तिसरा_पंच यांचा मुद्दा पुढे न्यायचा आहे, कारण २००५ ते २००९ या काळात बर्म्युडाने काहीच केले नाही असे चित्र उभे राहू नये. विश्वचषकात प्रवेश मिळाल्यावर तेथील सरकारने क्रिकेटसाठी सुमारे १ कोटी १० लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. चौसष्ट हजारांच्या देशाच्या मानाने ही रक्कम प्रचंड आहे. वेस्ट इंडीजचे माजी फलंदाज गस लोगी यांना प्रशिक्षक नेमण्यात आले. हॅमिल्टनमध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये ग्लॅमॉर्गन व वॉरिकशायर या कौंटी, म्हणजे प्रांतिक व्यावसायिक संघांकडून खेळलेले डेव्हिड हेम्प संघात आले. मे २००६ मध्ये बर्म्युडाने आपला पहिलाच एकदिवसीय सामना पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कॅनडाविरुद्ध जिंकला. भारताविरुद्धच्या त्या सामन्यातही बर्म्युडाच्या १५६ धावांपैकी नाबाद ७६ एकट्या हेम्प यांच्या होत्या, हे फारसे कोणी सांगत नाही.

हा सगळा खर्च आणि सगळे प्रयत्न एका तारखेकडे डोळे लावून झाले. मार्च २००७ आला आणि गेला. एप्रिल २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या पात्रता स्पर्धेत एकदिवसीय दर्जासाठी पहिल्या सहांत येणे आवश्यक होते, बर्म्युडा नववे आले. दर्जा गेला की निधी आटतो, निधी आटला की सामने कमी होतात, आणि सामने कमी झाले की पुढच्या पात्रता स्पर्धेत संघ आणखी खाली घसरतो. पुढची काही वर्षे ते सहयोगी संघांच्या जागतिक साखळीच्या एकेक पायरीने खाली उतरत गेले. माझा आक्षेप विश्वचषकावर नाही. विश्वचषकानंतरच्या चार वर्षांत त्यांच्यासाठी काय राखून ठेवले होते, हा खरा प्रश्न आहे.

मोहोर

पंचक्रोशी, पण हाच न्याय आयर्लंडला लावून पाहा. त्याच स्पर्धेत, १७ मार्चला आयर्लंडने पाकिस्तानला हरवले आणि पुढची फेरी गाठली. २०११ मध्ये बंगळुरूत ३२८ धावांचे आव्हान पेलून त्यांनी इंग्लंडला नमवले आणि जून २०१७ मध्ये कसोटीचा दर्जा मिळवला. व्यवस्था दोघांसाठी सारखीच होती. ज्याच्यात धमक होती तो वर गेला.

पंचक्रोशी

व्यवस्था सारखी नव्हती आणि परिस्थिती तर त्याहून नव्हती. आयर्लंडचे गुणी खेळाडू तासाभराच्या विमानप्रवासावर असलेल्या इंग्लंडमध्ये कौंटी क्रिकेट खेळून तयार होत होते. त्या संपूर्ण बेटावर काही दशलक्ष लोक राहतात, बर्म्युडात काही हजार. लोकसंख्येचा एवढा फरक असला, की एखादी चांगली पिढी निवृत्त झाल्यावर मागची फळी भरून काढायला एका देशाला पाच वर्षे लागतात आणि दुसऱ्याला पंचवीस. बर्म्युडात पूर्ण विद्यापीठही नाही. अठराव्या वर्षी मूल शिकायला अमेरिकेला, कॅनडाला किंवा ब्रिटनला जाते आणि त्यातली अमेरिकेला गेलेली मुले ज्या वयात क्रिकेटपटू घडतो नेमक्या त्याच वयात क्रिकेट नसलेल्या गावात जाऊन पडतात. त्याला धमक नसणे म्हणता येणार नाही.

गोमंतक_७

ड्वेन लेव्हरॉकबद्दल दोन शब्द लिहावेसे वाटतात, कारण त्या झेलानंतर त्याच्या वजनावर जेवढे विनोद झाले, तेवढे त्याच्या गोलंदाजीवर कोणी लिहिले नाही. तो पोलीस खात्यात होता, कैद्यांची गाडी चालवत असे. डावखुरी फिरकी टाकणारा हा माणूस चेंडूला उंची देऊन फलंदाजाला पुढे खेचण्यात वाकबगार होता. त्याच विश्वचषकाच्या सराव सामन्यात त्याने इंग्लंडच्या पीटरसन आणि कॉलिंगवूड यांना बाद केले होते. भारताविरुद्ध त्याची गोलंदाजी फोडून काढली गेली तरी त्याने आपली दहाही षटके पूर्ण टाकली. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला जाणाऱ्या माणसाने सेहवाग, गांगुली आणि सचिन यांच्यासमोर दहा षटके उभे राहणे, याचा मला मनापासून आदर वाटतो.

शर्वरी

गोमंतक, शब्दन् शब्द पटला. यातच महिला क्रिकेटची बाजूही मांडते, कारण आत्तापर्यंतची सर्व चर्चा पुरुष संघांभोवती झाली आहे.

फेब्रुवारी २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉश येथे झालेल्या महिला विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेत बर्म्युडाचा महिला संघ यजमानांविरुद्ध १३ धावांत बाद झाला. त्यातल्या दहा धावा अवांतर होत्या. दक्षिण आफ्रिकेने चार चेंडूंत सामना संपवला. हा आकडा आजही विक्रमांच्या यादीत आहे आणि दर काही महिन्यांनी कोणीतरी तो हसण्यासाठी पुन्हा काढतो. एवढ्या छोट्या बेटाने महिला संघ उभा केला, इतक्या दूर पाठवला आणि त्या मुली मैदानात उतरल्या, हे त्या यादीत कोठेही लिहिलेले नसते.

आता दुसरे उदाहरण. वानुआतू हा प्रशांत महासागरातल्या बेटांचा देश. एप्रिल २०२४ मध्ये अबू धाबीत टी-२० विश्वचषकाची पात्रता स्पर्धा झाली. तेथे जाण्यासाठी त्यांच्या महिला संघाला लोकवर्गणीचे आवाहन करावे लागले होते, आणि पहिल्याच सामन्यात त्यांनी झिंबाब्वेला ६१ धावांत गुंडाळून सहा गडी राखून विजय मिळवला. ज्यांच्याकडे प्रवासखर्चाची ददात, त्या संघाने पूर्ण सदस्य, म्हणजे कसोटी दर्जा असलेल्या देशाला हरवले. मोहोर, या मुलींना तुम्ही आधी आपल्या पातळीवर खेळा असे सांगून घरी बसवले असते, तर त्यांची पातळी काय आहे हे जगाला कसे कळले असते?

मोहोर

शर्वरीताई, मी घरी बसवायला सांगितलेले नाही. पात्रता स्पर्धा ही त्यांची हक्काची जागा आहे आणि ती अधिक मोठी व्हावी, असेच माझे मत आहे. माझा विरोध अंतिम स्पर्धेत संघांची संख्या वाढवण्याला आहे. २००७ चा सोळा संघांचा विश्वचषक लांबला, रटाळ झाला आणि भारत व पाकिस्तान पहिल्याच फेरीत बाहेर पडल्याने आर्थिक फटकाही बसला, हे विसरता येणार नाही.

तिसरा_पंच

त्या फटक्याची शिक्षा मात्र चुकीच्या संघांना झाली. भारत आणि पाकिस्तान यांना बर्म्युडाने बाहेर काढले नव्हते. बांगलादेश, श्रीलंका, आयर्लंड आणि वेस्ट इंडीज यांनी ते काम केले होते. तरीही पुढे संघ कमी होत गेले. २०११ आणि २०१५ मध्ये चौदा, २०१९ आणि २०२३ मध्ये फक्त दहा. वेस्ट इंडीजसारखा दोनदा विश्वविजेता झालेला संघ २०२३ ला बाहेर राहिला, तेथे बर्म्युडाने कोणत्या दाराकडे पाहायचे? २०२७ साली पुन्हा चौदा संघ होणार आहेत आणि टी-२० विश्वचषक वीस संघांचा झाला आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

कोकणकडा

छोट्या बेटांमध्ये जर्सीचा उल्लेख व्हायलाच हवा. इंग्लिश खाडीतले, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचे हे बेट, लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर. शेजारच्या गर्न्सी बेटाशी त्यांची जुनी चुरस आहे. जुलै २०२५ मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या युरोपच्या पात्रता स्पर्धेत जर्सीने शेवटच्या चेंडूवर, एक गडी राखून स्कॉटलंडला हरवले. त्या विजयाने स्कॉटलंड मागे पडले, इटली आणि जर्सी यांचे प्रत्येकी पाच गुण झाले आणि निव्वळ धावगतीच्या अंशांवर इटली विश्वचषकासाठी पात्र ठरला. जर्सी भारत आणि श्रीलंकेतल्या २०२६ च्या टी-२० विश्वचषकाला येता येता राहिले. मला त्या दिवशी फार हळहळ वाटली, कारण वानखेडेवर किंवा ईडन गार्डन्सवर जर्सीचा संघ उतरलेला पाहायला मी नक्की गेलो असतो.

निरंजन_वाई

जर्सीचे वर जाणे आणि ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटाचे दहा धावांत बाद होणे, दोन्ही एकाच व्यवस्थेची फळे आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पेनविरुद्ध कार्टाहेना येथे मॅनचा संघ दहा धावांत बाद झाला आणि स्पेनने दोन चेंडूंत सामना जिंकला. १ जानेवारी २०१९ पासून सर्व सदस्य देशांमधल्या टी-२० सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, म्हणून ही नोंद अधिकृत विक्रमांत गेली. अनेकांनी तेव्हा लिहिले की असा सरसकट दर्जा देऊन विक्रमांचे मोल कमी केले. मला तसे वाटत नाही. सेंट हेलेनासारख्या साडेचार हजार वस्तीच्या बेटाला, जेथे २०१७ पर्यंत नियमित विमानसेवा नव्हती आणि केपटाउनहून जहाजाने दिवसचे दिवस प्रवास करून पोहोचावे लागे, त्या बेटालाही आज आपल्या सामन्याची अधिकृत नोंद मिळते. विक्रमांच्या वहीत चार विचित्र आकडे वाढले म्हणून सेहवागची ११४ धावांची खेळी लहान होत नाही.

पंचक्रोशी

निरंजन यांच्याशी पूर्ण सहमत, पण दर्जा देणे स्वस्त असते आणि सामने देणे महाग, हेही लक्षात घ्या. आपल्याच रणजी स्पर्धेचे पाहू. २०१८-१९ च्या हंगामात ईशान्येकडची राज्ये, बिहार, उत्तराखंड आणि पुदुच्चेरी असे नऊ नवे संघ आले तेव्हा असाच आरडाओरडा झाला होता. त्यांना थेट मुंबई-कर्नाटकासमोर उभे केले नाही, नव्या संघांच्या प्लेट गटात ठेवले, पण प्रत्येकाला दरवर्षी ठरावीक सामने मिळाले आणि वर चढण्याचा मार्ग उघडा राहिला. सामन्यांची खात्री आणि वर जाण्याची वाट, या दोन गोष्टी बर्म्युडाला २००९ नंतर मिळाल्या असत्या, तर आज चित्र वेगळे असते. पात्रता स्पर्धा दोन-तीन वर्षांतून एकदा येते, आठवड्याभरात संपते आणि एका पावसाळी दुपारीसुद्धा सगळे गणित बिघडू शकते. अशा वेळापत्रकावर कोणताही संघ बांधता येत नाही.

सागरवेळ

सर्वांचे आभार, चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा खोल गेली. अटलांटिकपार, तुम्ही तेथे राहता म्हणून पहिला प्रश्न तुम्हाला पुन्हा विचारतो. २००७ ची आठवण आज बर्म्युडात कशी काढली जाते? अभिमानाने, की विसरून जाण्यासारखी गोष्ट म्हणून?

अटलांटिकपार

मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यात दोन मते आहेत. चाळिशी-पन्नाशीतली माणसे त्या झेलाविषयी आजही उभे राहून, हात पसरून सांगतात. त्यांच्या मते त्या दिवशी बर्म्युडा हे नाव विमा आणि पर्यटन सोडून पहिल्यांदाच कोट्यवधी घरांत पोहोचले. क्लब चालवणारी मंडळी मात्र कडवट बोलतात. एवढा पैसा आला, पण त्यातून बारा महिने सराव करता येईल अशा सुविधा आणि शालेय प्रशिक्षक उभे राहिले नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात.

मोहोर यांनी सुरुवातीला विचारलेल्या स्पर्धात्मकतेविषयीही सांगतो. बर्म्युडाचा संघ संपलेला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये टी-२० विश्वचषकासाठीची अमेरिका खंडाची अंतिम पात्रता फेरी येथेच झाली आणि अमेरिकेला मागे टाकून कॅनडा व बर्म्युडा पुढच्या टप्प्यात गेले. त्या पिढीत ससेक्सकडून खेळलेला डेलरे रॉलिन्स आहे आणि ड्वेन लेव्हरॉकचा पुतण्या कमाऊ लेव्हरॉक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीच फेरी पुन्हा येथे झाली. व्हाइट हिल फील्ड हे सॅंडीज भागातले छोटेसे मैदान आहे, समुद्र तेथून जवळच. शेवटच्या दिवशी कॅनडा आणि बर्म्युडा यांच्यातल्या विजेत्याला २०२४ च्या टी-२० विश्वचषकाचे तिकीट मिळणार होते. कॅनडा ३९ धावांनी जिंकला. विश्वचषक आणि हे बेट यांच्यामध्ये तेवढेच अंतर होते.

रॉलिन्स क्रिकेटसाठी लहानपणी इंग्लंडला गेला, हेही येथे सांगायला हवे. आज बर्म्युडातून चांगला खेळाडू घडतो तो बहुधा बेट सोडून. त्याला परदेशी शाळेत किंवा क्लबात पाठवण्याचा खर्च ज्याच्या घरच्यांना झेपतो, तोच पुढे जातो. दरवर्षी दोन-चार मुलांना इंग्लंड किंवा वेस्ट इंडीजमध्ये संपूर्ण मोसम खेळण्यासाठी शिष्यवृत्ती आणि अमेरिका खंडातल्या कॅनडा, अमेरिका, केमन बेटे, अर्जेंटिना अशा संघांबरोबर दरवर्षी घरच्या व परक्या मैदानांवर नक्की ठरलेली मालिका, एवढे झाले तरी येथील क्लबांच्या बऱ्याच मागण्या पूर्ण होतील.

मोहोर

हे मी आनंदाने मान्य करीन, कारण माझे म्हणणे यापासून दूर नव्हते. दरवर्षीची ठरलेली मालिका आधी, विश्वचषकातल्या जागा त्यानंतर. पण त्या मालिकेचा खर्च कोणी उचलायचा, यावर कोणी बोललेले नाही. केमन बेटांना अर्जेंटिनाला जायचे असेल, तर एका दौऱ्याचा विमानखर्चच त्यांच्या वर्षाच्या अंदाजपत्रकातला मोठा वाटा खाऊन टाकेल.

पंचक्रोशी

तो आंतरराष्ट्रीय संघटनेने उचलायचा. तिच्या उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा बारा पूर्ण सदस्यांना जातो, त्यातही सर्वांत मोठा आपल्या मंडळाला, आणि नव्वदहून अधिक सहयोगी सदस्य उरलेल्या थोडक्या रकमेत भागवतात. आपण भारतीय प्रेक्षक म्हणून या विषयावर बोलतो तेव्हा हे आधी बोलले पाहिजे, कारण तो पैसा आपल्या दूरचित्रवाणी संचांसमोर बसण्यातून उभा राहतो. त्यातला थोडा भाग छोट्या संघांच्या विमान तिकिटांसाठी वेगळा काढा, अशी मागणी भारतीय चाहत्यांकडून झाली, तर तिचे वजन बर्म्युडाच्या मागणीपेक्षा कितीतरी जास्त असेल.

शर्वरी

या मागणीत महिला संघांचा वाटा स्वतंत्र लिहावा, ही माझी विनंती. नाहीतर तिकिटे पुरुष संघांची निघतील आणि महिला संघ पुन्हा लोकवर्गणीच्या आवाहनावर विसंबून राहतील.